विश्लेषण : स्वादुपिंडातील गाठीवर पोट न उघडता उपचार शक्य, पण कोणत्या गाठीवर?

मूतखड्याच्या संशयावरून किंवा नेहमीच्या आरोग्य तपासणीत सोनोग्राफी होते आणि अहवालाच्या शेवटी ‘स्वादुपिंडात गाठ’ असे शब्द दिसतात. घरात त्या क्षणापासून एकच विषय सुरू होतो. गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रिकर फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडले आणि १७ मार्च २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हापासून मराठी घरांत स्वादुपिंड म्हटले की कर्करोग, हे समीकरण पक्के झाले आहे. दुसरीकडे ‘टाका नाही, चिरा नाही, दुसऱ्या दिवशी घरी’ अशा जाहिराती मोबाइलवर येतात. रुग्ण आणि नातेवाईक ही भीती आणि हे आश्वासन यांच्या मधोमध अडकतात.

प्रत्यक्षात स्वादुपिंडातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते आणि प्रत्येक गाठीवर एंडोस्कोपीने उपचारही होत नाहीत. काही गाठींतील द्रव दुर्बिणीतून काढता येतो, काही जाळता येतात, काही शस्त्रक्रियेनेच काढाव्या लागतात आणि बऱ्याच गाठींवर फक्त लक्ष ठेवणे पुरेसे असते. त्यामुळे खरा कस गाठ ओळखण्यात लागतो.

स्वादुपिंडापर्यंत पोहोचणे इतके अवघड का?

स्वादुपिंड हा साधारण १५ सेंटीमीटर लांबीचा, चपटा आणि मऊ अवयव आहे. तो जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा असतो. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते आणि शेपूट प्लीहेपर्यंत जाते. यकृत आणि आतड्यांच्या मोठ्या रक्तवाहिन्या त्याला अगदी खेटून जातात. यकृतातून येणारी पित्तनलिका त्याच्या डोक्यातून पुढे आतड्यात उघडते. म्हणूनच डोक्याच्या भागातील गाठ वाढली की पित्त अडते आणि कावीळ होते.

या अवयवाची दोन कामे आहेत. एक, अन्न पचवणारा रस तयार करून आतड्यात सोडणे. दोन, इन्सुलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडणे. पाचक रस योग्य नलिकेतून वाहत असेल तोवर सारे ठीक असते. तो बाहेर झिरपला तर आसपासच्या पेशींनाच इजा करू लागतो. या भागातील शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकांना सर्वांत मोठी चिंता असते ती या गळतीचीच.

अमेरिकी शल्यचिकित्सक अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागातील शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आजही केली जाते. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढून उरलेले अवयव पुन्हा जोडतात. ती कित्येक तास चालते. त्यामुळे पोट न उघडता काही करता आले तर ते करावे, हा विचार वैद्यकात जुना आहे.

‘गाठ’ म्हणजे नेमके काय?

अहवालातील ‘गाठ’ या एका शब्दात निदान सहा-सात वेगवेगळे आजार दडलेले असू शकतात. त्यांचे दोन ढोबळ गट पडतात : घन गाठी, म्हणजे ट्यूमर, आणि द्रवाने भरलेल्या पिशव्या, म्हणजे सिस्ट.

घन गाठींमध्ये सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार म्हणजे नलिकांच्या अस्तरातून उगवणारा कर्करोग. स्वादुपिंडाच्या सुमारे ९० टक्के कर्करोगांत हाच प्रकार असतो. संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींतून होणारा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर वेगळा असतो आणि बहुधा संथ गतीने वाढतो. अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांना २००३ मध्ये झालेला आजार या दुसऱ्या प्रकारातला होता. त्यानंतर ते आठ वर्षे जगले. वृत्तांमध्ये दोन्हींना ‘स्वादुपिंडाचा कर्करोग’च म्हटले जाते, पण दोहोंचा स्वभाव आणि उपचार वेगळे आहेत.

सिस्टमध्येही असेच प्रकार आहेत. स्वादुपिंडाला सूज आल्यानंतर रस साचून तयार होणारी पिशवी ही ‘खोटी सिस्ट’. तिला स्वतःचे अस्तर नसते आणि तिचा कर्करोग होत नाही. पाण्यासारखा पातळ द्रव असलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी ‘सिरस’ सिस्टही जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. चिकट द्रव असलेल्या ‘म्युसिनस’ सिस्टमध्ये मात्र पुढे कर्करोग होण्याची शक्यता असते. यातील एक प्रकार जवळपास फक्त स्त्रियांमध्ये, तोही स्वादुपिंडाच्या मधल्या भागात किंवा शेपटीत आढळतो. दुसरा, आयपीएमएन नावाचा प्रकार स्वादुपिंडाच्या नलिकेशी जोडलेला असतो आणि उतारवयात अधिक दिसतो. तरुण स्त्रियांत आढळणारी, काही अंशी घन आणि काही अंशी द्रवयुक्त अशी आणखी एक गाठ असते. ती शस्त्रक्रियेने काढल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात.

एंडोस्कोपी इथे नेमके काय करते?

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत स्वादुपिंड नीट दिसतेच असे नाही. मध्ये चरबी असते, आतड्यातील हवा असते. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड म्हणजे ईयूएस या तंत्रात सोनोग्राफीचे छोटे यंत्र दुर्बिणीच्या टोकावर बसवलेले असते. रुग्णाला गुंगी देऊन ही दुर्बीण तोंडावाटे जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात नेतात. जठराच्या भिंतीपलीकडेच स्वादुपिंड असल्याने काही मिलिमीटरची गाठही स्पष्ट दिसू शकते. त्याच दुर्बिणीतून सुई पुढे सरकवून, पडद्यावर पाहत पाहत गाठीचा नमुना घेता येतो.

ईआरसीपी हे दुसरे तंत्र. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका जिथे आतड्यात उघडतात, त्या तोंडातून बारीक नळी आत घालतात, रंगद्रव्य सोडतात आणि क्ष-किरणांखाली अडथळा शोधतात. नंतर त्याच वाटेने खडा काढता येतो किंवा स्टेंट घालता येतो.

ही तंत्रे एका रात्रीत आलेली नाहीत. ईआरसीपीचे पहिले वर्णन १९६८ मध्ये अमेरिकेतून आले. नलिकेचे तोंड दुर्बिणीतून कापून मोठे करण्याचे काम १९७४ मध्ये जपान आणि जर्मनीत स्वतंत्रपणे झाले. ईयूएसचे पहिले प्रयोग १९८०च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्या दुर्बिणीतून सुईने स्वादुपिंडाचा नमुना घेतल्याची आणि ईयूएसच्या मदतीने खोट्या सिस्टमधील द्रव काढल्याची पहिली वर्णने १९९२ची आहेत. निदानासाठी आलेली दुर्बीण अशा प्रकारे हळूहळू उपचाराचे हत्यार बनली.

सिस्टमधील द्रव काय सांगतो?

सीटी स्कॅन आणि एमआरआयने बऱ्याच सिस्ट ओळखता येतात. शंका राहिली तर ईयूएसच्या सुईने थोडा द्रव काढून तपासतात. त्यात अमायलेज हे पाचक विकर खूप वाढलेले असेल तर सिस्टचा नलिकेशी संबंध असावा असे मानतात. सीईए हा घटक जास्त असेल तर सिस्ट म्युसिनस असण्याकडे कल जातो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने त्यासाठी मिलिलिटरमागे १९२ नॅनोग्रॅम ही पातळी सुचवली आणि ती पुढे जगभर वापरली गेली. अलीकडे साध्या ग्लुकोज चाचणीचाही उपयोग होतो. द्रवातील ग्लुकोज डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर म्युसिनस सिस्टचा संशय बळावतो.

यातील एकही चाचणी एकटीने निकाल देत नाही. सीईए वाढलेले असणे म्हणजे कर्करोग नव्हे. ते फक्त सिस्टचा प्रकार सुचवते. द्रवात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणून धोका टळला, असेही म्हणता येत नाही. कारण द्रवात पेशी मुळातच कमी असतात. रुग्णाचे वय, पूर्वीचा आजार, स्कॅन आणि द्रवाची तपासणी एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढावा लागतो.

साचलेला द्रव जठरात कसा सोडला जातो?

पित्ताशयातील खडे आणि मद्यपान ही स्वादुपिंडाला तीव्र सूज येण्याची दोन प्रमुख कारणे. अशा आजारानंतर काही रुग्णांमध्ये स्वादुपिंडाभोवती द्रव साचतो. साधारण चार आठवड्यांत त्याभोवती जाड आवरण तयार होते. पिशवी मोठी होऊन जठरावर दाब देऊ लागली की जेवण जात नाही, उलट्या होतात, पोट दुखते. द्रवात जंतुसंसर्ग झाला तर ताप येतो.

पूर्वी पोट उघडून ही पिशवी जठराला जोडली जाई. आता ईयूएसने पिशवी आणि जठर यांच्यातील अंतर मोजतात, मध्ये रक्तवाहिनी नाही याची खात्री करतात आणि जठराच्या भिंतीतून पिशवीत वाट करतात. त्या वाटेत स्टेंट बसवला की द्रव जठरात रिकामा होतो. त्यासाठी प्लॅस्टिकचे स्टेंट वापरतात किंवा डंबेलच्या आकाराचा, दोन्ही कडा पसरट असलेला धातूचा स्टेंट वापरतात. पसरट कडांमुळे जठर आणि पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटून राहतात. अशा स्टेंटला अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता दिली.

अमेरिकेत ४० रुग्णांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत महत्त्वाचा ठरला. निम्म्या रुग्णांवर एंडोस्कोपीने आणि निम्म्यांवर शस्त्रक्रियेने उपचार झाले. गुण सारखाच आला, पण रुग्णालयातील मुक्काम एंडोस्कोपीच्या गटात मध्यमानाने दोन दिवसांचा, तर शस्त्रक्रियेच्या गटात सहा दिवसांचा होता. खर्चही निम्म्याहून कमी झाला.

इथेच सर्वांत महागात पडणारी चूक होऊ शकते. म्युसिनस सिस्टला खोटी सिस्ट समजून तिच्यात स्टेंट घातला तर काढून टाकायची गाठ तशीच राहते आणि पुढची शस्त्रक्रिया गुंतागुंतीची होते. रुग्णाला स्वादुपिंडाची सूज कधी आलीच नसेल, तर त्याच्या सिस्टला खोटी सिस्ट म्हणण्यापूर्वी डॉक्टरांनी दोनदा विचार करायला हवा. शिवाय खरोखरच खोटी सिस्ट असली, तरी त्रास नसेल तर केवळ ती मोठी आहे म्हणून द्रव काढण्याची गरज नसते. सहा सेंटीमीटर आणि सहा आठवडे हा जुना ठोकताळा आता मागे पडला आहे.

वाट पाहणे हाही उपचार ठरतो का?

तीव्र आजारात स्वादुपिंडाचा काही भाग मृत होतो आणि त्यात जंतुसंसर्ग झाला तर जीव धोक्यात येतो. असा मृत भाग पोट उघडून तातडीने काढण्याची पद्धत अनेक वर्षे रूढ होती. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी तिला आव्हान दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ८८ रुग्णांच्या चाचणीत एका गटाची थेट शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटात आधी नळीने पू काढला आणि गरज पडली तरच पुढची पायरी गाठली. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू यांचे प्रमाण पहिल्या गटात ६९ टक्के, तर दुसऱ्यात ४० टक्के होते. दुसऱ्या गटातील ३५ टक्के रुग्णांचे काम केवळ नळीवरच भागले.

२०१८ मध्ये त्याच देशातील ९८ रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीतून टप्प्याटप्प्याने उपचार आणि शस्त्रक्रियेच्या मार्गाने टप्प्याटप्प्याने उपचार यांची तुलना झाली. मोठी गुंतागुंत किंवा मृत्यूच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखे निघाले : ४३ आणि ४५ टक्के. मात्र स्वादुपिंडाचा रस गळत राहण्याचे प्रमाण एंडोस्कोपीत ५ टक्के, तर शस्त्रक्रियेत ३२ टक्के होते. थोडक्यात, दुर्बिणीने जीव जास्त वाचले असे दिसले नाही, पण नंतरचे हाल कमी झाले.

२०२१ च्या तिसऱ्या चाचणीत द्रव लगेच काढणे आणि आवरण तयार होईपर्यंत थांबणे यांची तुलना झाली. थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्ण केवळ प्रतिजैविकांवर बरे झाले, त्यांना कोणतीही प्रक्रिया लागली नाही. अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना ‘काहीच का करत नाहीत’ असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कित्येकदा न घाई करणे हाच विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

दुर्बिणीतून ट्यूमर जाळता येतो का?

काही ट्यूमर जाळता येतात. इन्सुलिनोमा हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. बहुधा दोन सेंटीमीटरहून लहान असलेली ही गाठ गरज नसताना इन्सुलिन सोडत राहते. उपाशीपोटी साखर घसरते, घाम फुटतो, बोलण्यात असंबद्धता येते, शुद्ध हरपते. गोड खाल्ले की बरे वाटते. अनेकांना आधी फेफरे किंवा मानसिक आजार समजून औषधे दिली जातात. दहापैकी सुमारे नऊ इन्सुलिनोमा कर्करोगाचे नसतात.

रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशनमध्ये ईयूएसच्या साहाय्याने गाठीत विशेष सुई घालतात आणि विद्युतलहरींच्या उष्णतेने ती जाळतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८९ रुग्णांची शस्त्रक्रिया झालेल्या ८९ रुग्णांशी तुलना केली गेली. गुंतागुंतीचे प्रमाण अनुक्रमे १८ आणि सुमारे ६२ टक्के होते. सरासरी मुक्काम ३ आणि ११ दिवसांचा होता. शस्त्रक्रियेने सर्वांची लक्षणे गेली, जाळण्याच्या उपचाराने ९५.५ टक्क्यांची. नंतर जाळलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत आजार परतला. त्यातील बहुतेकांवर पुन्हा याच पद्धतीने उपचार झाले, काहींना शस्त्रक्रिया करावी लागली. हा अभ्यास जुन्या नोंदींवर आधारित होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे.

सिस्टच्या बाबतीतही असे प्रयत्न झाले आहेत. द्रव काढून आत अल्कोहोल किंवा कर्करोगाची औषधे सोडायची आणि अस्तर नष्ट करायचे, ही ती पद्धत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३९ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत अल्कोहोल वगळून केवळ औषधे सोडल्यावरही वर्षभराने सुमारे दोनतृतीयांश सिस्ट नाहीशा झालेल्या दिसल्या. पण स्कॅनमध्ये सिस्ट न दिसणे म्हणजे कर्करोगाचा धोका कायमचा संपणे, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. शस्त्रक्रियेला योग्य असलेल्या रुग्णासाठी हा सरधोपट पर्याय नाही.

कर्करोगात एंडोस्कोपीचा उपयोग काय?

जागतिक आकडेवारीनुसार २०२२ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू झाले. दोन आकडे इतके जवळ असणे हीच या आजाराची भीषणता आहे. निदानाच्या वेळी साधारण १५ ते २० टक्के रुग्णांचीच गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असते. बरे होण्याची मुख्य आशा आजही शस्त्रक्रिया आणि सोबतची केमोथेरपी यांवर आहे. एंडोस्कोपी हा कर्करोग बरा करत नाही.

तरीही तिचे काम मोठे आहे. केमोथेरपी सुरू करण्यासाठी लागणारा पेशींचा नमुना ईयूएसने मिळतो. गाठीने पित्त अडवले असेल तर ईआरसीपीने स्टेंट घालून कावीळ उतरवता येते. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबू शकतो, धातूचा जास्त काळ टिकतो. आतड्याची वाट बंद झाली तर तीही स्टेंटने मोकळी करता येते. असह्य वेदना असतील तर ईयूएसच्या साहाय्याने त्या भागातील मज्जातंतूंच्या जाळ्यात अल्कोहोल टोचून दुखणे कमी करता येते. उरलेले महिने वेदनेत जाणार की घरच्या माणसांत, हे अशा उपचारांवर ठरते.

इथेही सरसकटपणा नको. शस्त्रक्रिया लगेच होऊ शकते अशा रुग्णांत आधी स्टेंट घालून कावीळ उतरवावी का, हे नेदरलँड्समधीलच एका चाचणीने तपासले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ३९ टक्के, तर आधी स्टेंट घातलेल्यांत ७४ टक्के होते. कावीळ फारच वाढली असेल, पित्तनलिकेत जंतुसंसर्ग असेल किंवा आधी केमोथेरपी द्यायची असेल तर स्टेंट लागतो. ‘कावीळ आहे, स्टेंट टाकून टाकू’ एवढ्यावर निर्णय होऊ नये.

धोके कोणते?

चिरा नाही म्हणजे धोका नाही, हा समज चुकीचा आहे. ईआरसीपीनंतर १०० पैकी साधारण ३ ते १० जणांना स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांची सौम्य असते, काहींची गंभीर ठरते. ती टाळण्यासाठी गुदद्वारातून इंडोमेथासिनची गोळी देतात. २०१२ च्या अमेरिकी चाचणीत जास्त जोखमीच्या रुग्णांत या साध्या उपायाने सुजेचे प्रमाण १६.९ वरून ९.२ टक्क्यांवर आले.

ईयूएसच्या सुईने नमुना घेताना गुंतागुंत क्वचित होते. स्टेंट घालताना मात्र रक्तस्राव, आतड्याला छिद्र, जंतुसंसर्ग, स्टेंट सरकणे हे धोके असतात. पिशवीत बसवलेला धातूचा स्टेंट बहुतांश रुग्णांत तीन-चार आठवड्यांनी तपासून काढावा लागतो. जास्त काळ राहिल्यास रक्तस्राव होऊ शकतो किंवा तो भिंतीत रुतू शकतो. बरे वाटू लागले म्हणून पुन्हा न येणारा रुग्ण याच टप्प्यावर अडचणीत येतो. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढण्याची तारीख लिहून घेतलेली बरी.

मग शस्त्रक्रिया कोणाला आणि नुसती देखरेख कोणाला?

आयपीएमएन सिस्टसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना वेळोवेळी सुधारल्या जातात. २०२४ मधील सुधारित सूचना क्योटोच्या नावाने ओळखल्या जातात. डोक्यातील सिस्टमुळे कावीळ होणे, सिस्टच्या आत पाच मिलिमीटर किंवा मोठा घन उंचवटा असणे, मुख्य नलिका दहा मिलिमीटर किंवा त्याहून रुंद होणे, ही मोठ्या धोक्याची लक्षणे मानतात. रुग्णाची प्रकृती साथ देत असेल तर अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो. सिस्ट तीन सेंटीमीटर किंवा मोठी असणे, ती झपाट्याने वाढणे, सीए १९-९ वाढणे, नव्याने मधुमेह जडणे यांपैकी काही असेल तर ईयूएससारख्या पुढच्या तपासण्या लागतात.

यातले काहीच नसेल तर ठरावीक अंतराने एमआरआय पुरेसा असतो. वयानुसार अशा सिस्ट आढळण्याचे प्रमाण वाढते आणि त्यातील बहुतेक कधीच त्रास देत नाहीत. निरुपद्रवी सिस्टसाठी मोठी शस्त्रक्रिया करून घेणे आणि धोक्याच्या सिस्टकडे ‘दुखत नाही ना’ म्हणून पाठ फिरवणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग आहेत.

रुग्णाने काय विचारावे?

अनुभवाचे महत्त्व आकड्यांत दिसते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत, स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया अगदी कमी होणाऱ्या रुग्णालयांत मृत्युदर १६.३ टक्के, तर सर्वाधिक होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के होता. एंडोस्कोपीलाही हाच न्याय लागू होतो. ईयूएस यंत्र घेतले म्हणजे केंद्र तयार झाले, असे नाही. रक्तस्राव झालाच तर तो थांबवणारा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि गरज पडल्यास पोट उघडणारा शल्यचिकित्सक त्याच छताखाली असावा लागतो.

भारतात हे कौशल्य आहे. हैदराबादचे डॉ. डी. नागेश्वर रेड्डी यांना २०२५ मध्ये पद्मविभूषण मिळाले, ते गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीतील कामासाठी. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कर्करोगावर दीर्घकाळ काम सुरू आहे. अडचण आहे ती अंतराची आणि पैशांची. मराठवाडा किंवा विदर्भातील गावातून मोठ्या शहरात येणाऱ्या कुटुंबाला तपासणीच्या खर्चासोबत मुक्काम आणि बुडालेली मजुरीही मोजावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली नेमकी प्रक्रिया आणि स्टेंटचा खर्च बसतो का, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न मोजकेच आहेत. गाठ कोणत्या प्रकारची आहे आणि हे कशावरून ठरवले? काहीच केले नाही तर काय होईल? इथे अशा किती प्रक्रिया होतात? गुंतागुंत झाली तर शस्त्रक्रियेची सोय इथेच आहे का? स्टेंट कधी काढायचा? एंडोस्कोपी करणारे डॉक्टर, शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी अहवाल एकत्र बसून पाहिला आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याच्या हातात दुर्बीण आहे त्याला दुर्बिणीचा उपाय आधी सुचणार आणि ज्याच्या हातात सुरी आहे त्याला सुरीचा, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच स्वादुपिंडातील गाठीचा निर्णय एकट्याने घेऊ नये, असा दंडक प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने पाळायला हवा. ‘विनाटाका’ हे जाहिरातीतले वैशिष्ट्य होऊ शकते. उपचार निवडण्याचे कारण होऊ शकत नाही. अहवालात ‘गाठ’ हा शब्द वाचून घाबरलेल्या कुटुंबाला सर्वप्रथम हवे असते ते त्या गाठीचे नेमके नाव. ते कळल्याशिवाय पुढे कोणतीही दुर्बीण किंवा सुरी उचलली जाऊ नये, एवढा आग्रह धरण्याचा हक्क रुग्णाला आहे.